पंख्याचा आवाज आणि खोक्यावरचा आकडा

"मामा, त्याला हात लावायचा नाही," भाची म्हणाली आणि पलंगावर उठून बसली.

मे महिन्यातली दुपार होती. अकोल्यात बाहेर ४४ अंश, आणि आत कूलर चालू असूनही भिंतीवरचा पारा ३५ च्या खाली उतरायला तयार नव्हता. पुण्याच्या कंपनीकडून महिनाभर घरून काम करायची परवानगी घेऊन ती आजोळी आली होती. येताना आपला गेमिंगचा कॉम्प्युटर गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही बाजूंनी उशा लावून घेऊन आली. दिवसा त्याच्यावर कंपनीचं काम चालायचं आणि रात्री खेळ. रात्री ती सायबरपंक सुरू करायची तेव्हा त्या पेटीतून एवढा आवाज यायचा की शेजारच्या खोलीत झोपलेली माझी आई विचारायची, "आता या वेळेला मिक्सर कोण चालवतंय?"

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरात पाहुणा आलेला कॉम्प्युटर धापा टाकतोय आणि आपण ऐकत बसायचं, हे मला जमत नव्हतं. म्हणून मी आफ्टरबर्नर उतरवून घेतो म्हणालो. ग्राफिक्स कार्डाचा वेग, व्होल्टेज, पंखे, सगळं ज्याने बघता आणि बदलता येतं तो हा प्रोग्राम. एमएसआय कंपनीच्या नावाने मिळतो, पण कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. तिचं कार्ड होतं आरटीएक्स ३०६० टीआय, २०० वॉटचं.

"ट्यूनिंग हा तुमच्या काळातला खेळ आहे," ती म्हणाली. "कंपनीचे इंजिनिअर वर्षानुवर्षं डोकं घालून सेटिंग ठरवतात. आपण घरी बसून स्लायडर ओढायचा आणि म्हणायचं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?"

तुमच्या काळातला, हे मात्र खरं होतं. मी तिला सेलेरॉन ३०० ए ची गोष्ट सांगितली. १९९८ साली आलेला इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. मदरबोर्डावरची बस ६६ मेगाहर्ट्झची, गुणक साडेचारचा, म्हणून वेग ३००. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा. दीडपट, आणि एक रुपया न घालता! हॉस्टेलवर मित्राच्या मशिनमध्ये आम्ही ते केलं, तेव्हा पडद्यावर ४५० चा आकडा उमटलेला बघून अख्खी खोली ओरडली होती. मला या धंद्यात आणलं ते त्या रात्रीने, असं मी आजही मानतो.

"बरोबर," ती म्हणाली. "कारण तेव्हा कंपनीने जागा सोडली होती. चिप ४५० ला धावू शकत होती, पण ३०० चा शिक्का मारून स्वस्तात विकायची होती. आता तशी जागा कुठे उरलीय? २०१२ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ६८० आलं, त्याच्याबरोबर जीपीयू बूस्ट आलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच आपलं तापमान बघतं, वॉट बघतं, आणि जमेल तितका वेग चढवत राहतं. तुमची हॉस्टेलवरची युक्ती त्यांनी कार्डाच्या आतच बसवून टाकली. उरलं ते तीन-चार टक्के. ६० फ्रेमच्या ६२ झाल्या तर मला दिसणार आहेत का?"

नाहीत दिसणार, हे मी लगेच कबूल केलं. दुकानात येणारी मुलं मला रोज विचारतात, काका, ओव्हरक्लॉक करून द्या ना. मी त्यांना हेच सांगतो.

"पण मला वेग वाढवायचाच नाही," मी म्हणालो. "मला उलटं करायचंय."

ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती, कारण तिचा खरा आक्षेप अजून यायचा होता. ती कंपनीत सिक्युरिटीचं काम करते. तिने मला विचारलं, हा प्रोग्राम कार्डाचं व्होल्टेज बदलतो म्हणजे नक्की काय करतो? विंडोज कुठल्याही साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला थेट हात लावू देत नाही. म्हणून हा आपल्याबरोबर एक ड्रायव्हर बसवतो, आणि तो ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या देवघरात जाऊन बसतो. आफ्टरबर्नरच्या ड्रायव्हरचं नाव आरटीकोअर ६४. त्यात २०१९ मध्ये एक भोक सापडलं. साधा वापरकर्तासुद्धा त्याच्या आडून कर्नलची मेमरी वाचू शकत होता, तिच्यात लिहू शकत होता. आणि २०२२ मध्ये ब्लॅकबाइट नावाच्या खंडणीखोर टोळीने याच ड्रायव्हरची जुनी आवृत्ती सोबत आणून, तिच्या जोरावर मशिनमधल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचे डोळे बांधले.

"म्हणजे आफ्टरबर्नर तुमच्याकडे नसला तरी त्यांनी तो ड्रायव्हर स्वतः आणून बसवला," ती म्हणाली. "सही खरी होती, म्हणून विंडोजने आत घेतला. तुम्ही म्हणाल, नवीन आवृत्तीत सुधारलं असेल. असेल. पण चार अंश उतरवायला मी देवघराची किल्ली कुणाच्या हातात देऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे घाईचं उत्तर नव्हतं, आणि मी ते दिलंही नाही. दुकानात मी याची दुसरी बाजू रोज बघतो. मुलं सर्चमध्ये पहिलं नाव दिसेल तिथून प्रोग्राम उतरवतात. २०२१ मध्ये खुद्द एमएसआयला लोकांना सावध करावं लागलं होतं की आमच्यासारखीच दिसणारी एक खोटी साइट आहे, तिथून काही घेऊ नका. पुढच्याच वर्षी तशा खोट्या साइटींमधून लोकांच्या मशिनमध्ये आभासी नाणी खणणारे आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम शिरल्याचं उघड झालं. कार्ड गार ठेवायला गेलेल्या माणसाचं कार्ड दुसऱ्याच्या नाण्यांसाठी रात्रंदिवस तापत राहायचं. म्हणून मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो: एमएसआयच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, नाहीतर गुरूथ्रीडीवरून, आणि फाइलवर उजवी टिचकी मारून डिजिटल सही बघितल्याशिवाय चालवू नका.

तिने स्वतःच ते सगळं तपासलं. आवृत्ती ताजी होती, सही नीट होती. तरी कपाळावरची आठी गेली नाही. "व्हॅलोरंटचं काय?" तिने विचारलं. तो खेळ ती पुण्याच्या मैत्रिणींबरोबर खेळते. त्याचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, तोही कर्नलमध्येच बसतो. २०२० मध्ये तो नवा आला तेव्हा तापमान दाखवणाऱ्या आणि पंखे चालवणाऱ्या काही प्रोग्रामांचे असलेच ड्रायव्हर त्याने अडवले होते. देवघरात दोन पुजारी, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही, अशातला प्रकार.

शेवटी तिने एक अट घातली. आधी नुसतं मोजायचं. एकही स्लायडर हलवायचा नाही. मला अट मान्य होती, नव्हे, मीही तिथूनच सुरुवात करणार होतो. इथे मला जरा थांबून सांगायचंय, कारण माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सोन्याचा भाग हाच आहे आणि लोक तो सोडून देतात. आफ्टरबर्नरबरोबर रिवाट्यूनर नावाचा दुसरा प्रोग्राम येतो. दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे, अलेक्सी निकोलायचुक, रशियातला प्रोग्रामर. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर त्याचे पैसे पोचेनासे झाले होते, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला आफ्टरबर्नर बंद पडतो की काय अशी बातमी आली आणि जगभरच्या गेमरांचा जीव टांगणीला लागला. काम पुढे चालू राहिलं. तर हा रिवाट्यूनर खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे मांडतो: कार्डाचं तापमान, वॉट, क्लॉक, कार्ड किती टक्के गुंतलंय, प्रोसेसर किती गुंतलाय, आणि प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले. ६० फ्रेम म्हणजे एकीला १६.७ मिलिसेकंद. तिच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरं पडायचं तर ६.९. नुसती सरासरी बघू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. अकोल्याहून निघालेली एसटी सरासरी चाळीसने धावली हे खरं असलं, तरी पाठीला कळतात ते गचके. ते गचके फ्रेमच्या वेळेच्या आलेखात दिसतात. सरासरीत ते गडप होतात.

रात्री तिने तासभर सायबरपंक खेळला, मी शेजारी वही घेऊन बसलो. कार्ड ९८ टक्के गुंतलेलं. २०० वॉट. तापमान ८२. पंखा ८८ टक्क्यांवर. क्लॉक १९०० च्या आसपास सुरू झाला आणि कार्ड तापत गेलं तसा पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झने खाली घसरत राहिला. अपेक्षा होती तसंच. मग तिने व्हॅलोरंट लावलं आणि चित्र पालटलं. कार्ड अवघं ४५ टक्के गुंतलेलं, पंखा शांत, तरीही फ्रेमच्या आलेखात मधूनमधून करवतीसारखे दाते.

ती ताठ बसली. "कार्ड मोकळं आहे तर अडतंय कुठे?"

"तूच बघ."

प्रोसेसरचा एक कोअर पिळला जात होता. प्रोसेसर वाट बघत होता मेमरीची. तिने टास्क मॅनेजर उघडला, मेमरीच्या पानावर गेली, आणि आकडा बघून गप्प झाली. २१३३. दोन वर्षांपूर्वी जोडणी करून घेताना तिने ३२०० च्या वेगाच्या रॅमचे पैसे मोजले होते, खोक्यावर तसं छापलंही होतं. जोडणाऱ्याने रॅम बसवली, विंडोज घातलं, आणि मशीन हातात दिलं. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची ओळ चालू करायची असते, ती केलीच नव्हती. माझ्या दुकानात येणाऱ्या जुळवलेल्या मशिनींत ही चूक मला इतक्या वेळा दिसते, की खेळ अडकतो अशी तक्रार आली तर मी आता आधी हेच बघतो.

"दोन वर्षं!" ती म्हणाली. "दोन वर्षं मी अशीच खेळतेय?"

"कंपनीच्या सेटिंगवर खेळतेयस," मी म्हणालो.

तिला ते लागलं, आणि मला तसं बोलल्याचं थोडं वाईटही वाटलं. पण मुद्दा खरा होता आणि तो आम्ही रात्री दीडपर्यंत उसवत बसलो. कंपनीचं सेटिंग म्हणजे कुठलं? खोक्यावरचा ३२००, की मशीन चालू केल्यावर आपोआप येतो तो २१३३? रॅम कुठल्याही मदरबोर्डावर, कुठल्याही प्रोसेसरबरोबर निदान उठून बसावी म्हणून तो हळू वेग ठेवलेला असतो. ३२०० हा रॅम बनवणाऱ्याने तपासलेला वेग, पण प्रोसेसर बनवणारे त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि त्यातून झालेल्या नुकसानीवर वॉरंटी देत नाहीत. म्हणजे खोक्यावर ठळक छापलेला आकडा गाठायला तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर बायोसमध्ये शिरायचं. यातलं कंपनीने ठरवलेलं काय आणि माणसाने?

"तुमचं म्हणणं असं की मूळ सेटिंग असं काही नसतंच," ती म्हणाली.

"असतं. पण ते तुझ्या मशिनला बघून ठरवलेलं नसतं. ते सगळ्यांना चालेल असं असतं. म्हणजे सगळ्यांत कमकुवत चिपला, सगळ्यांत वाईट खोलीला. एकाच तबकडीतून निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. एकीला अमुक वेगाला ०.९ व्होल्ट पुरतात, दुसरीला १ लागतं. कारखाना प्रत्येक चिप मांडीवर घेऊन बसत नाही. सगळ्यांनाच थोडं जास्त पाजतो, म्हणजे कुणी उपाशी राहायला नको."

एक्सएमपी चालू केल्यावर व्हॅलोरंटच्या आलेखातले बरेचसे दाते मोडले. सरासरीही वाढली, पण ती त्याबद्दल बोललीच नाही. हातातला माउस आता चिकटत नाही, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कूलरमध्ये पाणी भरताना, तिने स्वतःहून विषय काढला. "उलटं करायचंय म्हणालात, म्हणजे अंडरव्होल्ट ना? समजावून सांगा."

मी तिला सगळ्यांत आधी पेटी उघडायला लावली. हे मी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी करतो. कूलर दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर आमच्याकडची काळी धूळ. तीन आठवड्यांत पुढच्या जाळीवर मऊ थर बसला होता. पंख्याच्या पात्यांना बोट लावून धरलं, ब्लोअर मारला. तेवढ्यावर रात्री तीन अंश उतरले.

मग हिशेब. चिपमध्ये स्विचिंगने होणारा खर्च क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. तिचं कार्ड १९०० च्या आसपास पळायला १.०५ व्होल्ट घेत होतं. तोच वेग ०.९ व्होल्टवर मिळाला, तर ०.९ भागिले १.०५, त्याचा वर्ग, ०.७३. म्हणजे त्या भागातला २७ टक्के खर्च गेला, वेग जवळपास तोच. गेला तो खर्च उष्णतेचा होता. पुण्याच्या एसी ऑफिसात २५ अंशांची हवा पंख्याला मिळते, इथे ३५ ची. पंखा हवा गार करत नाही, असेल ती हवा फक्त फिरवतो. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते, आणि या कार्डांचं बोट ८३ अंशांवर ठेवलेलं असतं. त्याच्या जवळ गेलं की पंखा किंचाळतो, आणि तरी भागलं नाही तर वेग कापला जातो. अकोल्याच्या मे महिन्यात कार्ड त्या भिंतीला टेकूनच जगतं.

"हे मला पटतं," ती म्हणाली, "पण पटणं आणि चालणं वेगळं."

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाची वक्ररेषा उघडते. आम्ही आधी सगळी रेषा खाली ओढली, मग ०.८५० व्होल्टवरचा एकच ठिपका उचलून १८७५ वर नेला आणि बरोबरची खूण दाबली. त्याच्या उजवीकडची रेषा सपाट झाली, म्हणजे कार्ड आता त्याच्या वर चढणार नाही. लोभ माझा होता, ०.८५० हा आकडा मीच निवडला. युनिजिन हेवन हा जुना चाचणी-प्रोग्राम चाळीस मिनिटं फिरवला, काही झालं नाही. मी खूश. ती म्हणाली, "हेवन २००९ चं आहे मामा, त्यात रे ट्रेसिंग कुठे आहे?" तिने सायबरपंक लावलं. दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला, दोन-तीन सेकंद तसाच राहिला, मग डेस्कटॉप आला आणि खेळ गायब. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर मारून पुन्हा उठवतं, तेच झालं होतं. जळत काही नाही त्यात. अंडरव्होल्टमध्ये चिप उपाशी राहून गणित चुकते, एवढंच. ०.८७५ वर एक संध्याकाळ निघाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं. ०.९०० वर चार दिवस काढले, एकदाही नाही.

वहीतले आकडे शेजारी शेजारी मांडले. २०० वॉटचे १५५ झाले. ८२ अंशांचे ७२. पंखा ८८ वरून ५६ टक्क्यांवर. फ्रेम एकीने कमी. आईने त्या रात्री काहीच विचारलं नाही.

मला वाटलं आता ती म्हणेल, मामा तुमचं बरोबर होतं. ती म्हणाली, "विंडोजबरोबर आपोआप लागू होऊ द्यायचं नाही. ती खूण काढा."

का, ते तिने नीट सांगितलं, आणि मला वाटतं आमच्या सगळ्या वादात हा तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा होता. पडदा काळा होणं हे प्रामाणिक अपयश आहे, ते दिसतं. तिला भीती न दिसणाऱ्याची. मेमरीचा स्लायडर बघा, ती म्हणाली. आजच्या बऱ्याच कार्डांत मेमरीकडून चुकीचा डेटा आला की ते पकडतात आणि पुन्हा मागवतात. म्हणून स्लायडर वाढवत जावं तर खेळ पडत नाही, पडद्यावर ठिपके येत नाहीत, नुसत्या फ्रेम हळूहळू कमी होतात, आणि माणूस म्हणतो, वा, एवढा वाढवला तरी स्थिर आहे! खेळात ठीक आहे. दिवसा ती याच मशिनवर कंपनीचा कोड चालवते. तिथे मशीन गुपचूप चुकलं तर तिने बोट कुठे दाखवायचं? म्हणून कामाच्या वेळेला मशीन कार्ड बनवणाऱ्याच्या आकड्यांवर, खेळताना दोन नंबरचं प्रोफाइल हाताने दाबायचं. रॅमचं एक्सएमपीसुद्धा तिने रात्रभर मेमटेस्ट चालवून, एकही चूक आली नाही हे बघितल्यावरच कामाला ठेवलं. मेमरीच्या स्लायडरला आम्ही हातच लावला नाही. माझी इच्छा होती, पण तिच्यापुढे टिकली नाही.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही दोघेही हटलो नाही. मी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा दाखला दिला. लोकांनी काहीही न बदलता वापरलेले प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले, खेळ कोसळायला लागले. २०२४ च्या जुलैत इंटेलनेच सांगितलं की मायक्रोकोड प्रोसेसरसाठी चुकीचं, जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. म्हणजे कारखान्याने ठरवलं तेच चुकलं होतं. ज्याला आपल्या प्रोसेसरचं व्होल्टेज बघायची सवय होती, त्याला निदान ते दिसत तरी होतं.

"दिसत होतं, पण कळत होतं का?" ती म्हणाली. "दीड व्होल्ट बघून लोकांना वाटायचं असंच असतं. आणि दुरुस्ती शेवटी कुठून आली? कारखान्यातूनच. बायोसमधून. कुणाच्या स्लायडरमधून नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे." मग तिने प्लंडरव्होल्टचा दाखला दिला. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून नेमक्या क्षणी पाडलं, तर आतल्या सुरक्षित कप्प्यातलं गणित चुकवता येतं आणि गुपितं बाहेर काढता येतात. त्यानंतर कित्येक लॅपटॉपांत अंडरव्होल्टचा दरवाजाच बंद झाला. ज्या दोरीने मी कार्ड गार करत होतो, त्याच दोरीने कुलूप उघडता येतं, हे मी याआधी असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. माझं मत त्याने बदललं नाही. ज्या लॅपटॉपवाल्यांचा दरवाजा बंद झाला, त्यातले बहुतेक जण फक्त मांडी भाजू नये म्हणून व्होल्टेज उतरवत होते, आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

जायच्या आदल्या रात्री तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, आईने गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली होती त्याच्याच खालच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहिलं: ०.९०० / १८७५.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून तिचा फोन आला. पाऊस सुरू झाला होता, खोलीत २७ अंश. तिने आफ्टरबर्नर काढून टाकला होता, ड्रायव्हरसकट. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "ऐका तर! एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरबरोबरच एसएमआय नावाची कमांड येते. ॲडमिन म्हणून उघडायची, वॉटची मर्यादा लिहायची, झालं. दुसरा कुठलाच ड्रायव्हर लागत नाही, आणि मशीन पुन्हा चालू केलं की आपोआप मूळ आकड्यावर. मी १५५ लिहिलं. तुमचेच वॉट."

"क्लॉक किती मिळतो?"

जरा थांबून तिने सांगितलं, "१७४० च्या आसपास."

"म्हणजे १३५ मेगाहर्ट्झ सोडलेस. वॉटवर नुसती मर्यादा घातलीस तर कार्ड जुन्याच रेषेवरून खाली घसरतं, पाजायचं तितकंच पाजत राहतं. रेषा बदलली तरच—"

"माहितीये. सोडले. चार फ्रेम गेल्या. देवघरात आता एकच पुजारी आहे, तोही खेळाचाच."

मी तिला म्हटलं, दिवाळीत मशीन घेऊन ये, तेव्हा हवा गार असेल, ०.८७५ वर पुन्हा एकदा बघू. ती म्हणाली, बघू, पण आधी नुसतं मोजायचं.